लॉग साठवायची सिस्टीम घरी बांधायची की तयार घ्यायची: आधी एवढं करून बघा

इंदूरला विजय नगरकडे आमचं छोटं ऑफिस आहे, आठ माणसं, ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी बिल्टी (माल पाठवल्याची पावती) आणि भाड्याच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवतो. लॉग म्हणजे सॉफ्टवेअर काय काय करतंय याची ओळीओळीने होणारी नोंद, ती साठवायची सिस्टीम आम्ही स्वतः लिहिली होती, सव्वा वर्ष चालवली आणि मग काढून टाकली. कोणी तेच करायच्या विचारात असेल तर हे आधी वाचा, तुमचे काही महिने वाचतील.

पहिलं काम म्हणजे मोजणं. कालच्या दिवसाची लॉग फाईल घ्या, ओळी मोजा, साइज बघा. आमच्याकडे रोज साधारण ५ लाख ओळी, एक ओळ सरासरी ३०० बाइट, म्हणजे दिवसाला १५० एमबी. आता किती दिवस ठेवायचं? हे मनाने ठरवू नका, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे, त्यात कंपन्यांनी आपल्या सिस्टीमचे लॉग १८० दिवस ठेवायचे असं स्पष्ट लिहिलंय, शिवाय सर्व्हरची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवायची आणि काही घुसखोरी झाली तर ६ तासांत कळवायचं, आणि तेव्हा पहिली गरज लॉगचीच पडते. तर १५० एमबी गुणिले १८०, झाले २७ जीबी. लॉगमध्ये तेच तेच शब्द पुन्हा येतात म्हणून ते दाबले (कॉम्प्रेस) खूप जातात, आमचे झेडएसटीडी या फाईल दाबायच्या प्रोग्रामने दाबून दहाव्या हिश्शावर आले. म्हणजे तीन जीबीच्या आसपास, पेनड्राइव्हवर मावेल एवढं! इतकाच पसारा असेल तर खरं सांगतो, कोणतीच सिस्टीम नको. रोज नवी फाईल सुरू करून जुन्या काढून टाकणारं लॉगरोटेट लावा, रोजची फाईल दाबा, एक कॉपी दुसऱ्या जागी पाठवा आणि शोधायला, दाबलेल्या फाईलीतच शब्द शोधणारं झेडएसटीडीग्रेप वापरा. आम्ही हा हिशोब आधी केलाच नव्हता.

मोजून झालं की दुसरं काम, मागच्या महिनाभरात तुम्ही लॉगला काय काय विचारलंत ते कागदावर लिहा. आमचे प्रश्न दोनच जातीचे निघाले. एक, "या बिल्टीचं काय झालं?" आणि दुसरा, "काल संध्याकाळी किती पेमेंट अडकले?" पहिल्यात एक ओळ शोधायचीय, दुसऱ्यात हजारो ओळी मोजायच्यात, आणि तयार सिस्टीम याच फरकावर वेगवेगळ्या पडतात. इलास्टिकसर्च प्रत्येक शब्दाची सूची करून ठेवतं, पुस्तकाच्या शेवटी असते तशी, कोणता शब्द कुठल्या पानावर. त्यामुळे कुठलाही शब्द झटकन सापडतो पण त्या सूचीला डिस्क आणि रॅम भरपूर लागते, चार जीबीच्या सर्व्हरवर ॲपच्या शेजारी ते बसवायला जाऊ नका. लोकी मजकुराची सूची करतच नाही, फक्त लेबलं लक्षात ठेवतं, सर्व्हिस कोणती, सर्व्हर कोणता, आणि बाकीचं दाबलेले गठ्ठे उघडून शोधतं. म्हणून ते स्वस्तात चालतं. पण बिल्टी नंबर लेबल म्हणून देऊ नका, प्रत्येक नव्या नंबराला ते नवा प्रवाह उघडतं आणि थोड्या दिवसांत त्याचा जीव गुदमरतो, नंबर ओळीच्या आत राहू द्या. मोजणीचं काम जास्त असेल तर क्लिकहाऊस, ते एकेक रकाना वेगळा साठवतं म्हणून बेरजा पटापट होतात.

आता घरी बांधायचं ठरवलंच तर काय काय पुढ्यात येतं ते सांगतो. लिहिण्याचा भाग एका संध्याकाळचा आहे, फाईल उघडा आणि शेवटी ओळ जोडत जा. आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने खरंच एका संध्याकाळी केलं होतं आणि आम्ही सगळे खूश.

मग वेळेने पकडलं. आम्ही दर तासाची एक फाईल करायचो, नाव यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, कारण सगळीकडे तसंच करा म्हणतात. एका ग्राहकाचा फोन आला, सकाळी दहा ते अकराच्या मधे बिल्टी टाकली ती दिसत नाहीये. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपले दहा ते अकरा हे तिकडचे साडेचार ते साडेपाच, अर्धा तास एका फाईलमध्ये आणि अर्धा दुसऱ्या. आमचा सर्च एकच फाईल उघडायचा. आम्ही त्यांना छातीठोक सांगितलं की तुमची रिक्वेस्ट आमच्यापर्यंत आलीच नाही, आणि ती होती, पुढच्या फाईलमध्ये, आमच्याच कोडमध्ये एररसकट. दोन दिवसांनी सापडली. देवास नाक्याला त्यांच्या गोडाऊनवर जाऊन मी माफी मागितली, त्या माणसाने चहा पाजला पण त्याचा दोन दिवसांचा माल अडकला होता तो अडकलाच. लॉग खोटं बोलला तर तो नसलेला बरा, हे मला तिथे कळलं. तर वेळ यूटीसीतच ठेवा पण शोधताना अर्ध्या तासाच्या अलीकडे पलीकडे काय होतं ते मुद्दाम तपासा.

त्यानंतर डिस्क. अनंत चतुर्दशीची रात्र, गिरण्यांच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला आम्ही राजवाड्याकडे उभे, गर्दीत फोन ऐकू येईना, आणि बिल्टी सेव्ह होत नाही म्हणून एकामागून एक कॉल. पेमेंटची बाहेरची सर्व्हिस उत्तर देत नव्हती, आमचा कोड पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होता आणि प्रत्येक वेळी अख्खा स्टॅक ट्रेस, म्हणजे एरर कोडमध्ये कुठून कुठे गेली त्याची लांबलचक यादी, लॉगमध्ये टाकत होता, दोन तासांत ११ जीबीची फाईल झाली आणि डेटाबेस त्याच डिस्कवर. कसाबसा घरी आलो, फाईल उडवली, तरी डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड शंभर टक्केच दाखवतेय! फाईलींच्या साइजची बेरीज करणाऱ्या डीयूने बघितलं तर जागा मोकळी वाटतेय. कारण असं की प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रामने, फाईल उघडी धरून ठेवली असेल तर नाव जातं, जागा सुटत नाही. उघड्या फाईली दाखवणाऱ्या एलएसओएफने बघितलं की अशा फाईलपुढे डिलीटेड लिहिलेलं दिसतं, ती प्रोसेस रीस्टार्ट केली की जागा परत मिळते. रीस्टार्ट केली, बिल्ट्या सुरू झाल्या, तेव्हा रात्रीचे अडीच.

या गोष्टी तयार सिस्टीमवाल्यांनी आधी भोगलेल्या असतात म्हणून त्यांच्यात सोय असते. लिनक्समधलं लॉग ठेवणारं जर्नलडी मुळातच डिस्कच्या १० टक्क्यांवर आणि जास्तीत जास्त ४ जीबीवर थांबतं, इलास्टिकसर्च डिस्क ९५ टक्के भरली की तिथल्या इंडेक्सवर, म्हणजे डेटाच्या साठ्यावर, लिहिणं बंद करतं. पण हे तुम्हाला माहीत असायला हवं, नाहीतर लिहिणं बंद झालेलं कळणारच नाही, म्हणून ८० टक्क्यांवर अलर्ट लावा आणि लॉगला डिस्कचा वेगळा भाग (पार्टिशन) द्या, घरचं असो की तयार.

शिवाय वीज गेली की शेवटची ओळ अर्धवट राहते, ती वाचताना ओळी वाचून फोड करणारा कोड (पार्सर) कोलमडतो, प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर पक्की करायला गेलं तर वेग बसतो. आणि लिहिणारा मुलगा पुण्याला गेला की कोड कोणाला कळतो हा प्रश्न आहेच.

मग घरी काहीच बांधू नये का? बांधा, पण साठवणूक सोडून. ओळीचा फॉरमॅट तुमचा हवा, प्रत्येक रिक्वेस्टला एक आयडी हवा, आणि ग्राहकाचे मोबाईल नंबर झाकणारा कोड तर तुम्हीच लिहायला हवा, तो बाहेरचा कोणी तुमच्यासाठी नीट लिहिणार नाही. उबरएवढ्या कंपनीनेसुद्धा २०२१ मध्ये आपला लॉग प्लॅटफॉर्म मांडला तेव्हा खाली क्लिकहाऊसच होतं, वरचा थर त्यांचा.

एक सावधगिरी मात्र घ्या. इलास्टिकसर्चने २०२१ मध्ये लायसन्स बदललं, त्यातून ओपनसर्च हे दुसरं सॉफ्टवेअर वेगळं निघालं, २०२४ मध्ये पुन्हा एजीपीएल या खुल्या लायसन्सचा पर्याय आला. म्हणजे आज घेतलेलं उद्या बदलावं लागू शकतं, म्हणून कच्चे लॉग साध्या दाबलेल्या फाईलींत वेगळे ठेवाच. क्लाउडवरची तयार सेवा घेतलीत तर बिल बहुधा किती जीबी आत गेले त्यावर येतं, डीबग लेव्हल, म्हणजे बारीकसारीक सगळं लिहिणं, चालू राहिली तर महिनाअखेरी कळतं, तेव्हा आधी ती बंद करा.

आमच्याकडे आता फ्लुएंट बिट लॉग उचलतं आणि लोकीत टाकतं, तिथे ३० दिवस राहतात, आणि दाबलेल्या फाईली क्लाउडच्या मुंबई रीजनमधल्या बकेटमध्ये, म्हणजे फाईली ठेवायच्या जागेत, १८० दिवस. तीन जीबीला लोकीसुद्धा लागत नाही हे खरंय, पण सपोर्टवाल्या मुलींना ब्राउझरमध्ये शोधता यायला हवं होतं म्हणून ठेवलं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाच महिन्यांपूर्वीचा एक बिल्टी नंबर चिठ्ठीवर लिहून ज्याने ही सिस्टीम लावलेली नाही अशा कोणाला तरी देतो, त्याचा लॉग शोधायला सांगतो आणि घड्याळ लावतो. मागच्या वेळी अकरा मिनिटं लागली, त्यातली सहा बकेटचा पासवर्ड शोधण्यात गेली, तो आता सगळ्यांना मिळेल अशा जागी ठेवलाय.