लिनक्सवर जुने गेम लावताय? आधी या चुका टाळा

दर दिवाळीला आणि मे महिन्याच्या सुट्टीत मला ठरलेले फोन येतात. घरातला जुना लॅपटॉप बाहेर निघालेला असतो, नवीन विंडोज त्याला झेपत नाही म्हणून कोणीतरी त्यावर उबुंटू नाहीतर मिंट, म्हणजे लिनक्सचाच एखादा प्रकार, टाकून दिलेलं असतं, आणि आता पोरांना दाखवायचं असतं की आम्ही शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काय खेळायचो. प्रिन्स, डेव्ह, रोड रॅश, व्हाइस सिटी. तासाभराने फोन, "अरे चालतच नाहीये, लिनक्स बेकार आहे." लिनक्स बेकार नाहीये हो. मी वर्षानुवर्षं हेच करतोय आणि बघतोय, चुका त्याच त्या असतात, आणि बहुतेक सगळ्या पहिल्या दहा मिनिटांच्या घाईत होतात.

सगळ्यात पहिली चूक म्हणजे हातात काय आहे हे न बघताच सुरुवात करणं. फाइलच्या शेवटी ईएक्सई दिसलं की लोक ती वाइनमध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकतात. अरे पण प्रिन्स ऑफ पर्शिया पीसीवर आला १९९० ला, तो डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचा गेम आहे, त्याचा विंडोजशी संबंधच नाही. डॉससाठी डॉसबॉक्स, विंडोजसाठी वाइन, ही दोन वेगळी हत्यारं आहेत. डॉसबॉक्स अख्खा जुना पीसी उभा करतो, प्रोसेसर आणि साउंड ब्लास्टर कार्डासकट. वाइन तसलं काही करत नाही, तो विंडोजच्या मागण्या लिनक्सला कळतील अशा करून देतो, बस. कळत नसेल तर टर्मिनल उघडा, 'फाइल' ही कमांड लिहा आणि पुढे त्या ईएक्सईचं नाव द्या. उत्तरात एमएस-डॉस एवढंच आलं तर डॉसबॉक्स, पीई३२ आलं तर वाइन. पाच सेकंदांचं काम आहे, तरी कोणी करत नाही.

आणि ह्या दोन्हीच्या आधी अजून एक बघायचं. त्या गेमचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, लिनक्ससाठी कोणी नव्याने लिहिलंय का? डूमचा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झाला, क्वेकचा १९९९ मध्ये, त्यामुळे दोन्हीची इंजिनं थेट लिनक्सवर पळतात. मंकी आयलंडसारख्या गेमांसाठी स्कमव्हीएम २००१ पासून आहे. प्रिन्ससाठी एसडीएलपॉप आहे, ट्रान्सपोर्ट टायकूनवाल्यांसाठी ओपनटीटीडी. हे असताना वाइन आणि डॉसबॉक्सशी मारामारी कशाला करायची?

डॉसबॉक्समधली नेहमीची तक्रार म्हणजे गेम वेड्यासारखा पळतोय. कारण कुठल्यातरी व्हिडिओत बघून सायकल्स, म्हणजे डॉसबॉक्सच्या प्रोसेसरचा वेग, 'मॅक्स' केलेले असतात, जास्त स्पीड म्हणजे चांगलं असं डोक्यात बसलेलं. जुन्या कॅबिनेटवर टर्बो नावाचं बटण असायचं आठवतंय का? ते ह्याचसाठी होतं, जुना प्रोग्राम नव्या मशिनवर हाताबाहेर जायला लागला की मशिनला हळू करायचं. बरेच जुने गेम प्रोसेसरच्या वेगावरच स्वतःची चाल ठरवायचे, विंग कमांडर त्यातलाच. मी ३००० वर सुरू करतो, कंट्रोल आणि एफ१२ ने वाढवतो, एफ११ ने कमी करतो, पात्र नीट चालायला लागलं की आकडा कॉन्फिग फाइलमध्ये लिहून टाकतो. डूमच्या काळातल्या गेमांना पंचवीस हजाराच्या आसपास लागतात. मॅक्स मी लावतच नाही.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय, म्हणजे सीडीचं संगीत.

माझ्याकडे क्वेकची ओरिजिनल सीडी आहे, मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणलेली, आणि ती घासून खराब व्हायच्या आत मी तिची आयएसओ फाइल, म्हणजे सीडीची एका फाइलमधली कॉपी, करून ठेवली होती. नंतर लिनक्सवर गेम लावला. बंदुकीचे आवाज आले, राक्षसांचे आले, दारं उघडल्याचे आले, संगीत मात्र नाही. दोन रात्री मी आवाजाच्या मागे लागलो. पल्सऑडिओ काढला, अल्साच्या फाइली बदलल्या, कर्नलचं मॉड्यूल बदलून बघितलं, शेवटी लॅपटॉपचा सगळाच आवाज गेला आणि अख्खी सिस्टिम परत टाकावी लागली. तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात यायला हवी होती की बंदुकीचा आवाज येतोय म्हणजे साउंड कार्ड, ड्रायव्हर, स्पीकर सगळं ठीक आहे, जे गायब आहे ते दुसरीकडूनच गायब आहे.

झालं असं होतं की त्या काळातल्या बऱ्याच गेमांच्या सीडीवर पहिला ट्रॅक डेटाचा असायचा आणि दुसऱ्यापासून पुढे साधी गाणी, कॅसेटच्या दुकानात मिळणाऱ्या ऑडिओ सीडीवर असतात तशीच. क्वेकचं संगीत ट्रेंट रेझनर आणि नाइन इंच नेल्सचं आहे आणि ते असंच सीडीवर वेगळं टाकलेलं आहे. आयएसओ फाइल फक्त डेटाचा ट्रॅक उचलते. डेटाच्या सेक्टरमध्ये २०४८ बाइट असतात, ऑडिओच्या सेक्टरमध्ये २३५२, म्हणजे आयएसओमध्ये गाण्याला जागाच नाही. माझ्या फाइलमध्ये संगीत पहिल्या दिवसापासून नव्हतंच आणि मी दोन रात्री ते स्पीकरमध्ये शोधत होतो.

तुमच्या सीडीचं काय आहे हे कळायला सोपं आहे. घरात जुना सीडी किंवा व्हीसीडी प्लेयर असेल तर त्यात घाला आणि दुसऱ्या ट्रॅकपासून लावा, पहिला लावू नका, काही जुने प्लेयर डेटाच आवाज म्हणून वाजवतात आणि कान फुटायची पाळी येते. किंवा नुसता हिशोब करा. सीडीवरच्या एका मिनिटाच्या ऑडिओला साधारण १० एमबी लागतात, तर पन्नास मिनिटं संगीत म्हणजे ५०० एमबी. सीडी मागून बघितली तर कडेपर्यंत भरलेली दिसते आणि आयएसओ मात्र एवढीशी, तर तुम्ही अर्ध्याहून जास्त सीडी मागे सोडून आलाय.

अशा सीडीची कॉपी बिन आणि क्यू ह्या जोडफाइलीत करायची, बिनमध्ये सीडीवरचं सगळं आणि क्यूमध्ये ट्रॅकची यादी. मी सीडीआरडीएओ हे सीडी कॉपी करायचं टूल वापरतो. त्यातही एक गोची आहे, ऑडिओच्या बाइटचा क्रम उलटा येतो आणि गाण्याच्या जागी नुसता खरखराट ऐकू येतो, त्यामुळे ड्रायव्हरच्या नावापुढे क्रम उलटवायचा ऑप्शन लावायचा, मॅन्युअलमध्ये दिलेला आहे. त्याची टॉक फाइल, म्हणजे ट्रॅकची यादी, तयार होते, तिच्यावरून क्यू फाइल बनवायची आणि डॉसबॉक्समध्ये इमेजमाउंट करताना क्यूचं नाव द्यायचं, बिनचं नाही. आणि क्वेकस्पाझमसारखं लिनक्सचं इंजिन वापरणार असाल तर गाणी ऑग फॉरमॅटमध्ये काढून म्युझिक नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली की झालं. फक्त नंबर शून्य-दोनपासून सुरू करा, कारण एक नंबर डेटाचा आहे. एकपासून सुरू केलंत तर सगळी गाणी एकेक घर सरकतात आणि भलत्या लेव्हलला भलतं गाणं वाजतं.

ह्यालाच लागून एक सांगतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे तेव्हाच्या त्या एका सीडीत पन्नास नाहीतर शंभर गेमवाल्या सीड्या आहेत. त्यातले गेम 'रिप' असतात, म्हणजे जागा वाचवायला आधीच कोणीतरी संगीत आणि व्हिडिओ कापून टाकलेत. परवा एकाने मला आठवडाभर विचारलं की गेमच्या सुरुवातीचा व्हिडिओ वाइनमध्ये का दिसत नाही. त्या सीडीत तो व्हिडिओ नव्हताच, १९९८ सालीही नव्हता. तुम्ही तेव्हा लहान होता आणि एस्केप दाबून पुढे जायचात म्हणून आठवत नाही. अशी कॉपी दुरुस्त होत नाही. जीओजी ह्या गेम विकणाऱ्या साइटवर सेलमध्ये एका पिझ्झाच्या पैशात पूर्ण गेम मिळतो, कॉपी प्रोटेक्शनशिवाय, तो घ्या. त्यांचा विंडोजचा इन्स्टॉलर इनोएक्स्ट्रॅक्टने लिनक्सवर सरळ उघडता येतो, डॉसच्या गेमसाठी तर वाइन लागतच नाही.

दुसरी चूक जिच्यावर मला खरंच राग येतो ती म्हणजे वाइनच्या आधी सुडो लावणं, म्हणजे प्रोग्राम सिस्टिमच्या मालकाचे सगळे अधिकार देऊन चालवणं.

माझा भाचा कोल्हापूरला असतो. त्याने लॅपटॉपवर व्हाइस सिटी टाकला, इन्स्टॉल करताना 'परमिशन डिनाइड' असं काहीतरी आलं, नेटवर कोणीतरी लिहिलं होतं की पुढे सुडो लावा, ह्याने लावला आणि चाललं. मग तो रोज तसाच टर्मिनलमधून सुडो लावून खेळत राहिला. तीन महिन्यांनी कोणीतरी त्याला मेनूतून आयकॉन करून दिला, त्याने क्लिक केलं, आणि सेव्ह गेम एकही नाही. रात्री अकराला मला फोन, आवाज रडवेला. "मामा, सगळं गेलं, मालिबू क्लबपण घेतला होता मी." तोपर्यंत पठ्ठ्याने घाबरून वाइन काढून परत टाकलं होतं, होममधलं, म्हणजे स्वतःच्या फोल्डरमधलं, वाइनचं डॉट-वाइन फोल्डर उडवलं होतं, आणि आता अख्खं उबुंटू परत टाकायच्या बेतात होता. मी म्हटलं थांब, कशालाच हात लावू नकोस, लॅपटॉप घेऊन ये.

सेव्ह कुठे होते? रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य मालकाच्या, घरी. सुडो लावून चालवलं की सध्याच्या उबुंटूत वाइन तुमच्या होम फोल्डरमध्ये बघत नाही, रूटच्या होममध्ये स्वतःचा वेगळा संसार थाटतो. व्हाइस सिटी सेव्ह ठेवतो माय डॉक्युमेंट्समधल्या स्वतःच्या फोल्डरात, आणि ते माय डॉक्युमेंट्स होतं रूटचं. आठच्या आठ सेव्ह तिथे सुरक्षित होते. ते फोल्डर उचललं, ह्याच्या होममध्ये ठेवलं, मालकी बदलून त्याच्या नावावर केली, दहा मिनिटांत मालिबू परत. त्याने उबुंटू परत टाकलं असतं तर मात्र खरंच गेलं असतं.

ही कमी नुकसानवाली बाजू झाली. उलटंही होतं, तुमच्याच होममधल्या वाइनच्या फाइली रूटच्या नावावर होतात आणि मग साधं वाइन सुरूच होत नाही, फोल्डर तुमच्या मालकीचं नाही असं म्हणून थांबतं. आणि खरी भीती वेगळीच आहे. लोकांना वाटतं वाइन म्हणजे एक बंद खोली, आतला प्रोग्राम बाहेर येत नाही. असं अजिबात नाहीये. वाइन झेड ड्राइव्ह म्हणून तुमची अख्खी डिस्क आतल्या प्रोग्रामला दाखवतं. कुठूनतरी डाउनलोड केलेली क्रॅकची ईएक्सई तुम्ही सुडोने चालवलीत तर तिला घराच्या सगळ्या किल्ल्या दिल्यात. परमिशनची तक्रार आली तर एवढंच बघा की गेमचं फोल्डर कुठे आहे. बहुतेक वेळा ते सिस्टिमच्या जागेत नाहीतर सीडीवर असतं, होममध्ये कॉपी केलं की तक्रार संपते. सुडो हे त्याचं उत्तर नाही, कधीच नाही.

सगळे गेम एकाच वाइन प्रिफिक्समध्ये, म्हणजे वाइनने उभ्या केलेल्या एकाच विंडोज फोल्डरमध्ये, कोंबणं हेही तसंच. एका गेमसाठी वाइनट्रिक्समधून (वाइनमध्ये विंडोजचे जादा भाग टाकणारं टूल) काहीबाही टाकलं, दुसरा बंद पडला, त्याच्यासाठी अजून काही टाकलं, पहिला बंद पडला. मी प्रत्येक गेमला वेगळा प्रिफिक्स देतो आणि त्याच फोल्डरमध्ये एक नोंद फाइल ठेवतो, वाइनचं व्हर्जन कोणतं, काय बदललं, कोणत्या तारखेला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवून बघायचं, लिहायचं, मग दुसरी. नवीन पोरांना हे पटत नाही, त्यांना दहा टिकमार्क एकदम करायचे असतात, आणि मग कशाने चाललं नि कशाने मोडलं हे कोणालाच सांगता येत नाही. भाच्याने त्याच रात्री व्हाइस सिटीचा फ्रेम लिमिटर पण बंद केला होता गुळगुळीत दिसावं म्हणून, आणि मग गाड्या विचित्र वागतात म्हणून वाइनला दोष देत होता. तो गेम ३० फ्रेम धरून बनवलाय, लिमिटर चालू ठेवायचा.

डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला लागणारी विंडोजची फाइल, सापडत नाही असा मेसेज आला तर फुकट डीएलएल वाटणाऱ्या साइटवर जाऊ नका. वाइनट्रिक्समधून मिळत असेल तर तिथूनच घ्या.

डीएक्सव्हीके प्रत्येक गेमला लावू नका. तो विंडोजच्या डायरेक्ट३डी ह्या थ्रीडी चित्र काढायच्या पद्धतीसाठी आहे, एज ऑफ एम्पायर्ससारखे १९९७-९९ चे गेम डायरेक्टड्रॉ ह्या सपाट चित्रांच्या पद्धतीवर चालतात, तिथे त्याचा उपयोग शून्य. रंग विस्कटत असतील किंवा स्क्रीन काळी पडत असेल तर सीएनसी-डीड्रॉ, म्हणजे डायरेक्टड्रॉची जागा घेणारी फाइल, गेमच्या फोल्डरमध्ये टाका आणि वाइनच्या सेटिंगमध्ये डीड्रॉ 'नेटिव्ह' करा.

लहान-मोठी अक्षरं. वाइन सांभाळून घेतं, पण लिनक्सची इंजिनं घेतीलच असं नाही. क्वेकच्या सीडीवरून कॉपी केलेली पॅक फाइल कॅपिटलमध्ये असली तर इंजिन म्हणतं गेमच सापडला नाही. फाइलचं आणि फोल्डरचं नाव लहान अक्षरात करा.

चित्र ताणून अख्खी रुंद स्क्रीन भरू नका. डॉसचे गेम ३२० बाय २०० मध्ये असले तरी ते चारास तीनच्या मॉनिटरसाठी काढलेत, तिथे प्रत्येक ठिपका थोडा उभट दिसायचा. डॉसबॉक्समध्ये आस्पेक्ट चालू करा, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या, चित्रकाराने काढलेला गोल मग गोल दिसतो.

आणि डॉसबॉक्समध्ये माउस अडकला म्हणून लॅपटॉपचं बटण दाबून बंद करू नका, सेव्ह न केलेलं जातं. कंट्रोल आणि एफ१० दाबा, माउस सुटतो.