जूनमधल्या पहिल्या सभेआधी मुख्याध्यापकांनी करायची तयारी

मुंबईत शाळा जूनच्या मध्यावर भरतात. त्याआधी मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक वेळापत्रक, तासिकांची वाटणी, वर्गशिक्षक ठरवायला बसतात. कागदांची तयारी सगळेच करतात. कोणाशी कसं बोलायचं याची तयारी मात्र राहून जाते आणि वर्षभराचे रुसवेफुगवे बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात.

म्हणून आठवडाभर आधी एक वही घ्या आणि प्रत्येक सहकाऱ्याच्या नावापुढे एवढंच लिहा, की ही व्यक्ती आपलं मत कुठे सांगते. कोणी भर सभेत तोंडावर बोलतं. कोणाला विषयपत्रिका आदल्या दिवशी हातात पडली तरच बोलता येतं. कोणी सभेत मान डोलावतं आणि खरी अडचण नंतर जिन्यात किंवा परतीच्या लोकलमध्ये दुसऱ्याच कोणाला सांगतं. वहीत शेरे नकोत. ‘भांडखोर’ लिहिलंत की पुढे त्या माणसाचं साधं म्हणणंही भांडणच वाटू लागतं.

गप्प बसणाऱ्यांचा विचार सर्वांत जास्त करा. ‘कोणाची हरकत नाही ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर ठरलेलं आहे. त्याऐवजी ‘हे ऑगस्टमध्ये कुठे अडेल?’ असं विचारा. मग विरोध केल्यासारखं न वाटता अडचण सांगता येते. तुमच्याहून ज्येष्ठ बाई किंवा सर पर्यवेक्षक असतील, तर त्यांच्या कामातला बदल चारचौघांत पहिल्यांदा कानावर घालू नका. आधी त्यांच्याकडे जाऊन बोला, आणि बोलताना त्यांचं ऐकून बदल करायची तयारी ठेवा. नुसतं कळवायला जाणं त्यांना लगेच कळतं.

शाळा दोन सत्रांत भरत असेल, तर सकाळचे पर्यवेक्षक निघायच्या आणि दुपारचे यायच्या मधली वेळ सभेसाठी राखा. व्हॉट्सअॅपवर काय आणि सूचनावहीत काय, हेही त्याच दिवशी ठरवा. पावसाने गाड्या बंद पडल्याचा निरोप व्हॉट्सअॅपवर ठीक आहे, पण कोणाच्या कामातली चूक तिथे कधीही नको. सूचनावहीतली सही म्हणजे वाचल्याची खूण. तिला संमती समजू नका.

महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात आणि एका इमारतीत अनेकदा दोन-तीन माध्यमांच्या शाळा असतात. मैदान, सभागृह यांच्या वेळा ठरवताना बोलणं हिंदीत होतं, परिपत्रक मराठीत असतं. तिथे ठरलेली गोष्ट प्रत्येक मुख्याध्यापकांनी शेवटी आपल्या शब्दांत सांगावी.

शाळा व्यवस्थापन समितीसाठी वेगळी तयारी लागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला. त्यांच्यासमोर ‘संचमान्यता’ (पटसंख्येवरून शिक्षकांची पदं मंजूर होणं), ‘यू-डायस’ (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) असे शब्द टाकून पुढे गेलात, तर सह्या मिळतील, मत मिळणार नाही. पटसंख्या घटली तर शिक्षकांची मंजूर पदं कमी होऊ शकतात, इतकं सरळ सांगा आणि पहिल्यांदा पालक-मातांना बोलू द्या.

सभेनंतरचं इतिवृत्त दुसऱ्याच दिवशी द्या: काम, कोणाकडे, कधीपर्यंत. हरकती ऐकायला दोन दिवस ठेवा, तोंडी सांगितलेल्याही धरा, आणि त्यानंतरच वेळापत्रक फलकावर लावा.