ई-स्कूटरचा कंट्रोलर तापतोय? घाटात आणि डिकीत होणाऱ्या या चुका टाळा

बोपदेव घाटाच्या मधल्या वळणावर पुढे एक ट्रक अडकलेला, आम्ही नवराबायको डबलसीट, पायाशी 25 किलो तांदळाची गोणी, आणि ब्रेक धरायच्या ऐवजी मी मूठ थोडीशी पिळून गाडी चढावर जागच्या जागी धरून ठेवली, कारण पेट्रोलच्या स्कूटरवर वर्षानुवर्षं तसंच करत आलो होतो. मिनिटभर झालं असेल नसेल, गाडी एकदम मेली. ढकलायला गेलो तर चाक जड, अडखळत फिरतंय. नंतर कंट्रोलर (बॅटरीचा करंट मोटरला मोजून देणारा डबा) उघडला तर एकाच फेजचे (मोटरला जाणाऱ्या तीन वायरींपैकी एकीचे) मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जळालेले, बाकीच्या दोन फेजचे ठणठणीत.

हे असं का होतं ते समजून घ्या. चाक फिरत असतं तेव्हा करंट तिन्ही फेजमध्ये आळीपाळीने जातो, त्यामुळे उष्णता सगळ्या मॉसफेटमध्ये वाटली जाते. चाक थांबलेलं असताना मूठ पिळून ठेवली की तोच करंट त्याच त्या ठरावीक मॉसफेटमधून सलग वाहत राहतो, बाकीचे नुसते बघत बसतात. म्हणून चढावर थांबायचं असेल तर ब्रेक, फक्त ब्रेक. कंट्रोलर मारायचा सगळ्यात झटपट मार्ग कुठला असं कोणी विचारलं तर मी हाच सांगेन.

दुसरी चूक याच्याच पोटातली आहे, आणि ती जवळपास सगळेच करतात. "मी तर गाडी हळू चालवतो, मग तापते कशी?" अहो, चढावर वेग कमी असला तरी जोर जास्तच लागतो, म्हणून तापते. हिशोब करून बघू. गाडी, दोन माणसं, सामान मिळून 200 किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी 40 ने जायला साधारण 75 न्यूटन जोर लागतो. 100 मीटरला 10 मीटर असा चढ असेल तर ताशी 20 ने जायलासुद्धा 225 च्या आसपास लागतो. म्हणजे वेग निम्मा पण जोर तिप्पट. हब मोटरला (चाकातच बसवलेल्या मोटरला) बदलता येणारे गिअर नसतात, त्यामुळे जोर तिप्पट म्हणजे फेजमधला करंट तिप्पट, आणि मॉसफेट आणि वायरीच्या रेझिस्टन्समध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे नऊपट! वर वेग कमी म्हणून वारा पण कमी. पेट्रोल स्कूटरमध्ये व्हेरिएटर आपोआप रेशो बदलतो आणि इंजिनाला सांभाळून घेतो, इथे सांभाळणारं कोणी नाही.

आणि डिस्प्लेवर अँपिअर दिसतात ते बघून निर्धास्त होऊ नका, ते बॅटरीचे असतात. कमी वेगात फेजमधला करंट त्याच्या कितीतरी पट असू शकतो.

मग घाटात करायचं काय? चढाच्या आधी थोडा वेग घ्या आणि तो टिकवा, वळणावर पार थांबून परत फुल मूठ पिळून उचलू नका. फुल मूठ देऊनही गाडी माणसाच्या चालीने सरपटायला लागली तर मागच्याला उतरवा, लाज वाटून घेऊ नका. हब मोटरवाली सायकल असेल तर पेडल मारा, पायांनी दिलेला थोडासा जोरसुद्धा मोटरचा करंट उतरवतो. मिड-ड्राइव्ह (मोटर पेडलपाशी असलेल्या) सायकलवाल्यांनी चढ यायच्या आधीच खालचा गिअर टाकावा. आणि घाट चढून आलात की लगेच उतारावर जोरात रिजन (मोटरनेच ब्रेक लावून बॅटरी चार्ज करणं) वापरू नका, ब्रेकिंगचा करंटसुद्धा त्याच मॉसफेटमधून जातो, त्यांना निवायला वेळच मिळत नाही.

आता डिकी. इलेक्ट्रिक किट बसवून घेतलेल्या गाड्यांमध्ये मी हे इतक्या वेळा बघितलंय की राग येतो: पावसात भिजू नये म्हणून कंट्रोलर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर टेप मारून, फोमवर ठेवलेला. वर रेनकोट आणि हेल्मेट कोंबलेलं. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी आणि पाती उष्णता बाहेर टाकायलाच दिलेली असतात, त्यांनाच तुम्ही स्वेटर घातला. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेरच 45 डिग्री असतं, बंद डिकीत त्याहून जास्त, मग उष्णता जाणार कुठे? आतले मोठे कपॅसिटरसुद्धा (व्होल्टेजचे चढउतार सांभाळणारे भाग) यात झिजतात, दर 10 डिग्री वाढीला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. शिवाय मॉसफेट तापला की त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून तो अजून तापतो.

कंट्रोलरचा सपाट भाग 5-6 मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम प्लेटवर घट्ट बोल्ट करा, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर (थापायची नाही, खड्डे भरण्यापुरतीच लागते), आणि ती प्लेट जमेल तर गाडीच्या चॅसीला जोडा. जागा अशी निवडा की चालताना वारा लागेल पण चाकाचं पाणी थेट उडणार नाही. वायरी खालच्या बाजूने बाहेर आल्या की पाणी त्यांच्यावरून आत उतरत नाही, प्लॅस्टिकची गरजच उरत नाही. बंद डिकीत नुसता पंखा लावणाऱ्यांनी एवढंच बघावं की तो तीच गरम हवा फिरवतोय का. पातींवर चिखल बसला असेल तर मऊ ब्रशने काढा, पण घाट चढून आल्या आल्या गरम कंट्रोलरवर पाणी मारू नका, आतली हवा एकदम आकसते आणि पाणी आत ओढलं जातं.

वायरींबद्दल थोडक्यात. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) सैल असेल आणि तिथे 5 मिलिओहम जरी रेझिस्टन्स आला तरी 60 अँपिअरला 18 वॅट एका ठिपक्यावर तयार होतात, घरातली साधी सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते! ती उष्णता तांब्यातून सरळ कंट्रोलरच्या बोर्डात शिरते. लग नीट क्रिम्प करून (पक्कडीने वायरीवर घट्ट दाबून) घ्या, नुसती वायर पिळून टेप मारणं बंद करा. चिकटलेला ब्रेक आणि कमी हवेचे टायरसुद्धा तपासा, त्यांचं ओझं शेवटी कंट्रोलरच उचलतो.

शंटवर सोल्डर थापून "पिकअप वाढवून देतो" म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. शंट हा कंट्रोलरचा करंट मोजायचा काटा आहे, सोल्डर थापलं की काटा कमी दाखवतो आणि कंट्रोलर मर्यादा ओलांडत राहतो. तसंच 48 व्होल्टच्या कंट्रोलरला 60 ची बॅटरी लावणं. 60 चा म्हणजे 16 सेलचा लिथियम-आयन पॅक फुल चार्जला 67.2 व्होल्टवर जातो आणि आतले कपॅसिटर बहुतेक वेळा 63 चे असतात.

तरीही तापतोय? आधी नेमकं काय तापतंय ते शोधा. टेम्परेचर गन चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर खूप कमी आकडा दाखवते, म्हणून बॉडीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा. फक्त एक वायर किंवा एकच कनेक्टर गरम असेल तर दोष तिथे आहे. बिनलोड चाक फिरवताना मोटर गुरगुरते, झटके देते आणि करंट जास्त खाते, तर हॉल सेन्सर (मोटर कुठल्या स्थितीत आहे ते सांगणारे) आणि फेजच्या वायरींची जोडणी चुकली असण्याची दाट शक्यता, त्या एकदा तपासून घ्या.

चाक माझ्यासारखं जड फिरत असेल तर बॅटरी काढा, थोडं थांबा म्हणजे कपॅसिटर रिकामे होतील (मीटर लावून खात्री करा), मग तिन्ही फेज वायरी कंट्रोलरपासून सोडवा. चाक मोकळं झालं तर कंट्रोलर गेलाय, तरीही जड असेल तर मोटरच्या वायरीत शॉर्ट आहे. पक्कं करायला मल्टीमीटर डायोडवर ठेवा, लाल टोक कंट्रोलरच्या बॅटरी मायनसला आणि काळं एकेका फेजला लावा, नंतर लाल फेजला आणि काळं बॅटरी प्लसला. दोन्ही वेळा तिन्ही फेजचे आकडे 0.4 ते 0.6 च्या आसपास आणि एकसारखे यायला हवेत. माझ्या जळालेल्या फेजवर शून्य आलं होतं. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र यातलं काही उघडू नका, एररचा फोटो काढा आणि सर्व्हिस सेंटरला न्या.