टोकियोत जपानी-फ्रेंच जेवायला जाताय? या चुका टाळा

पुण्याहून मावशी टोकियोला आली तेव्हा हौसेने तिला एका जपानी-फ्रेंच रेस्तराँत नेलं. बुकिंगच्या फॉर्ममध्ये ‘व्हेजिटेरियन’ लिहिलं आणि निर्धास्त झाले. तिसऱ्या पदार्थाला खोलगट बशीत मुळ्याची एकच जाड चकती आली, लोण्यात परतलेली, भोवती चार चमचे सोनेरी पाणी. मावशीने एक घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला. “अगं, याला सुकटीचा वास येतोय.”

मावशीचं लहानपण मालवणात गेलेलं. घरी मासळी शिजत नसे, पण सुकट कोणाच्या चुलीवर भाजतायत हे तिला तीन घरांवरून कळायचं. इथेही तिचं नाक बरोबर होतं. ते पाणी म्हणजे दाशी, अर्थात कोंबु हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाचा कीस, यांचा अर्क. स्वयंपाकघराच्या लेखी बशीत मासा नव्हताच. चूक माझी होती.

‘व्हेजिटेरियन’ हा शब्द तिथे पुरत नाही. आपण काय खात नाही ते एकेक करून लिहा: मांस, मासे, माशाची दाशी, हाडांचा स्टॉक, जिलेटिन. जपानी बाजूला दाशी लपलेली असते, तशी फ्रेंच बाजूला ‘फाँ द वो’, म्हणजे वासराची हाडं तासन् तास उकळून केलेला स्टॉक. गडद तपकिरी सॉस दिसला की आधी त्याचीच चौकशी करा. चावानमुशी दिसते साध्या अंड्याच्या कस्टर्डसारखी, पण तीही बहुधा दाशीतच फेटलेली असते. जपानीत एक वाक्य पाठ करून जा: “कात्सुओ दाशी मो ताबेरारेमासेन”, माशाची दाशीही चालत नाही.

शाकाहारी दाशी त्यांना जमत नाही असं मुळीच नाही. 1908 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी उमामी, म्हणजे गोड-आंबट-खारट-कडूपलीकडची पाचवी चव, ओळखली ती कोंबुच्याच पाण्यातून, आणि बौद्ध मठांतलं शोजिन जेवण कोंबु आणि वाळलेल्या शिताके अळंब्यांच्या दाशीवरच चालतं. पण कोंबु अनेकदा रात्रभर भिजत घालतात आणि अख्ख्या मेनूचे सॉस आधीच बांधलेले असतात. म्हणून हे बुकिंगच्या वेळीच सांगायचं. काही ठिकाणं सरळ नकार देतात. राग मानू नका, अर्धवट होकारापेक्षा तो परवडला.

आणि टेबलावर बसल्यावरच घोळ लक्षात आला तर? पुढचा पदार्थ यायच्या आत, हळू आवाजात सांगा. अख्खा मेनू बदलून मागू नका. सॉस वगळून भाजी नुसती मीठ आणि ऑलिव्ह तेल लावून द्या म्हणा, एवढं बहुतेक जण करतात. आम्हालाही दिलं. बाकी मावशीने ब्रेड तीनदा मागवला आणि लोणी फार वाखाणलं. मग पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची डबी निघायला लागली, तेव्हा मात्र मी तिचा हात धरला.

उशीर ही दुसरी मोठी चूक. काउंटरवर, म्हणजे शेफसमोरच्या लांब टेबलावर, सगळ्यांना एकाच वेळी वाढायचं असतं, त्यामुळे सहा म्हणजे सहाच. वाटेत अडकलात तर फोन करा. आयत्या दिवशी रद्द केलं तर कार्डावरून पूर्ण रक्कम कापण्याची पद्धत सर्रास आहे. चौघांचं बुकिंग करून तिघेच गेलात तरी चौथ्याचे पैसे जाऊ शकतात.

बिलाचा हिशेब घरीच मांडून ठेवा. मेनूवर 30,000 येन दिसतात, पण ही किंमत सगळं धरून आहे का ते बघा. नसेल तर 10 टक्के सेवाशुल्क धरून 33,000, त्यावर 10 टक्के कर, म्हणजे माणशी 36,300. काही ठिकाणी सेवाशुल्क 15 टक्केही असतं. “पाणी कोणतं?” असं विचारलं तर ते बहुधा बाटलीचं, विकतचं. साधं हवं असेल तर “ओमिझु” म्हणा. टिप ठेवू नका, पैसे विसरलात समजून मागे धावत येतील. पॅरिसमध्ये केई कोबायाशी यांच्यासारख्या जपानी शेफकडे गेलात (2020 मध्ये फ्रान्समध्ये मिशलँ या रेस्तराँ-मार्गदर्शिकेचे सर्वोच्च, म्हणजे तीन तारे मिळवणारे ते पहिले जपानी), तर तिथे सेवाशुल्क किमतीतच धरलेलं असतं.

अत्तर लावून जाऊ नका. आणि ‘एवढ्याशा घासांनी काय पोट भरणार’ म्हणून चार वाजता भरपेट खाऊनही जाऊ नका; आठ-दहा पदार्थ आणि ब्रेड अडीच-तीन तास येत राहतात.

काटा-सुरी आणि चॉपस्टिक्स दोन्ही मांडलेले असतील तर जे जमेल ते वापरा, कोणी बघत नाही. फक्त चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका. तसा भात तिथे मृताच्या उशाशी ठेवतात. मावशीला एवढं सांगितलं तशी तिने आपल्या दोन्ही काड्या झटकन उचलून बशीच्या पार पलीकडे ठेवल्या, आणि पुढचं सगळं जेवण काट्यानेच जेवली.