मास्किंग टेपखाली झिरपणारा रंग कसा थांबवला

सांगलीच्या आयर्विन पुलाचे ॲक्रिलिक चित्र करताना पूल आधी रंगवून झाला होता आणि मागचे सायंकाळचे आकाश एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाने) मारायचे होते, म्हणून पुलावर मास्किंग टेप लावून तो झाकला होता. परंतु कॅनव्हासच्या विणीवर टेप सपाट बसत नसल्यामुळे रंग तिच्याखाली झिरपून पुलाच्या कडेवर बारीक दाते उमटत होते.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे टेप नखाने घट्ट दाबून तिच्या कडेवरून पारदर्शक मॅट मिडियमचा (रंग नसलेल्या, बिनचमकीच्या ॲक्रिलिक द्रवाचा) एक पातळ हात फिरवणे. ज्या फटींतून रंग आत शिरला असता त्या मिडियमनेच बुजतात आणि वाळल्यावर ते डोळ्यांना जाणवतही नाही. ते पूर्ण वाळल्यानंतर सुमारे १५ ते २० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाबाने, फवारा टेपकडून आकाशाकडे धरून, मी अतिशय पातळ थर दिले. भिजवणारा एकच जाड थर कोणतीही टेप अडवू शकत नाही. शेवटचा थर हाताला कोरडा लागताच टेप स्वतःवर दुमडून सावकाश काढली, तेव्हा पुलाची कड स्वच्छ आली.

उन्हाळ्यात रंग एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच वाळतो, म्हणून त्यात थोडे रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारे द्रव) मिसळावे आणि टोक ओल्या ब्रशने वारंवार पुसावे.