गटार कुठनं सुरू करायचं? खालनं!

आमच्या वरच्या गल्लीत आरसीसी गटार झालं तेव्हा लोकांनी नारळ फोडला, पेढे वाटले, मीपण एक खाल्ला, खोटं कशाला सांगू, साईटवर सुपरवायझर मीच होतो. पुढच्या तरण्या पावसात वरची गल्ली खडखडीत कोरडी आणि खालच्या गल्लीत, जिथं आधी कधी उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं, तिथं गुडघाभर. सरळच होतं ते, काँक्रीटमधनं पाणी सुसाट आलं आणि खाली जी जुनी दोन फुटी पाईप मोरी, म्हणजे रस्त्याखालनं पाणी जायची वाट होती, तिला ते झेपलंच नाही. तेव्हापासनं कुणी विचारलं की काम कुठनं सुरू करायचं तर माझं एकच उत्तर, तोंडाकडनं, जिथं पाणी शेवटी जाऊन पडणार तिथनं वर यायचं. नगरसेवकाचं घर कुठं आहे तिथनं नाही.

हे लिहायचं कारण म्हणजे वॉर्ड कमिटीतली पोरं, आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूर-कंग्राळीकडचे पंचायत मेंबर, नवीन लागलेले ज्युनिअर इंजिनिअर सारखं विचारतात, मग एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिलं काम टेबलावर नाही, पावसात. जुलैमध्ये धो धो लागला की छत्री आणि गमबूट घेऊन पाण्याबरोबर चालत सुटायचं, आपल्या गल्लीपासनं नाल्यापर्यंत. बेळगावच्या दक्षिणेकडं शहापूर, वडगाव, अनगोळचं पाणी शेवटी बळ्ळारी नाल्याकडंच जातंय, तिथल्या शिवारात बांधावर उभा असलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, नाला कुठं तुंबतो, जलपर्णी कुठं अडकते, भात किती दिवस पाण्याखाली राहून कुजतंय ते तो बोट दाखवून सांगेल. वडगावात एका मागवाल्या, म्हणजे विणकर काकांनी मला घरात नेऊन मागाचा खड्डा दाखवला. दारात पाणी नव्हतं, खरं खड्ड्यात वीतभर गढूळ पाणी, त्यात सुताचे तुकडे तरंगत होते. काका म्हणाले, "तुम्ही दाराला पाणी कधी येतंय बघत बसालाय, आमच्याकडं ते खालनं येतंय की ओ." माझ्या कागदावर ते घर 'पाणी येत नाही' म्हणून लिहिलेलं होतं. तर विचारताना "पाणी आलं का" एवढंच विचारू नका, कुठनं आलं आणि किती वेळ थांबलं तेही विचारा.

किती वेळ थांबलं हा प्रश्न लई कामाचा. दोन तासांत ओसरलं तर गटार लहान आहे नाहीतर कचऱ्यानं चोंदलंय. दोन दिवस थांबलं तर खालचं तोंडच बंद आहे किंवा उतार नाही, तिथं वर कितीही मोठं गटार बांधा, उपयोग शून्य. तिसरा प्रकार नदीकाठच्या गावांचा. गोकाकला घटप्रभा चढली, संकेश्वरला हिरण्यकेशी चढली की गटाराच्या तोंडातनं नदीच उलटी गावात शिरते, मग पाऊस थांबलेला असला तरी पाणी वाढतच राहतंय. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेनं २०१९ ला आणि २०२१ ला हायवे बंद पाडला तो याच जातीचा पूर. तिथं तोंडाला एकाच बाजूला उघडणारं झाकण, म्हणजे फ्लॅप गेट, आणि आतलं पाणी उपसायला पंप लागतो, नुसतं गटार रुंद केलंत तर नदीला रस्ता मोकळा करून दिल्यासारखं होईल. पाणी जिथपर्यंत आलं तिथं लाईटच्या खांबावर लाल ऑईल पेंटनं रेघ मारा, खाली तारीख टाका. मोबाईलमधले फोटो हरवतात, खांबावरची रेघ राहते.

मग लेव्हल. ऑटो लेव्हल, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा मोजायची दुर्बीण, लावून पाण्याच्या वाटेवर दर तीस मीटरला वाचन घ्या, आणि सगळ्या वॉर्डांना एकच बेंचमार्क, म्हणजे उंची जिथनं मोजायची ती पक्की खूण, ठेवा. हे मुद्दाम सांगतोय कारण प्रत्येक कॉन्ट्रॅक्टर आपापल्या सोयीचा दगड धरतो आणि मग दोन कामं जिथं भेटतात तिथं चक्क पायरी पडते. पाचशेला एक उतार मिळाला तर चांगलंच, म्हणजे किलोमीटरला दोन मीटर, सपाट शिवारात तेवढा मिळत नाही तेव्हा निदान पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली जाऊ देऊ नका, त्याखाली गाळ बसतोच. घरांच्या जोत्यांचीही लेव्हल घ्या. रस्त्यावर थरावर थर डांबर चढवून घरं खड्ड्यात गेलेली किती गल्ल्यांत बघितलंय, जुना थर उकरल्याशिवाय नवा घालायचा नाही हे टेंडरमध्येच लिहून घ्या.

गणिताला घाबरू नका, सोपं आहे. क्षेत्र हेक्टरमध्ये, पाऊस तासाला किती मिलिमीटर, आणि पडलेल्यातला किती भाग वाहून येतो, तिघांचा गुणाकार करून ३६० नं भागायचं, उत्तर क्युमेकमध्ये येतं, म्हणजे सेकंदाला घनमीटर. समजा २० हेक्टर शिवार आहे, पाऊस तासाला ६० मिलिमीटर. शेत असताना तीस टक्के पाणी वाहून येतंय असं धरलं तर १ क्युमेक. त्याच जागी लेआऊट पडलं, काँक्रीटचे रस्ते, फरशीची अंगणं झाली की ऐंशी टक्के धरावं लागतंय, मग २.६७. पाऊस तोच, गटाराला अडीचपट पाणी. आणि भाताच्या वाफ्यात वीतभर नाही, १५ सेंटिमीटर जरी पाणी उभं राहिलं तरी २० हेक्टरात तीन कोटी लिटर थांबतंय, हे फुकटचं तळं आपण प्लॉट पाडून बुजवतो आणि मग पंपाला निधी मागतो. शिवार आहे तसं राखणं हा पूर अडवायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, खरं त्याचं टेंडर निघत नाही म्हणून तो कुणाला सुचत नाही.

हद्दीचं प्रकरण किचकट. नाल्याची मूळ रुंदी कळायला सर्व्हे नंबरचा नकाशा काढा, कर्नाटक सरकारचं दिशांक ॲप आहे त्यात उभ्या जागी सर्व्हे नंबर दिसतो, पुढं उताऱ्यात 'ब खराब' लिहिलेली जमीन म्हणजे वाट, नाला अशी सार्वजनिक जागा. कन्नड कागदात नाल्याला 'राजकालुवे' असं नाव दिसेल, तो शब्द ओळखून ठेवा. अर्ज कन्नडमध्ये द्या, भाषेचा वाद ज्याला घालायचा त्यानं दुसरीकडं घालावा, पावसाळ्याच्या तोंडावर कागद टेबलावरनं हलणं महत्त्वाचं, आणि सोबत आपली मराठी प्रत जोडायला कुणाची ना नाही. एकाच नाल्याला महापालिका, कॅन्टोन्मेंट, रेल्वे, हायवेवाले, बुडा (बेळगावचं नगरविकास प्राधिकरण), पाटबंधारे असे सगळे मालक असतात. त्यातली रेल्वेची परवानगी सगळ्यात उशिरा येते, रुळाखालची मोरी वाढवायची असेल तर तो अर्ज सगळ्यात आधी टाका, बाकीचं डिझाईन व्हायच्याही आधी.

खोदाईआधी ट्रायल पिट, म्हणजे खाली काय आहे बघायचे खड्डे, घ्या, दर पन्नास मीटरला एक, हातानं खोदून. हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची केबल, पाण्याची लाईन, ड्रेनेज, फायबर, काय काय निघेल सांगता येत नाही. एकदा तर पाण्याची सहा इंची लाईन बरोबर नव्या गटाराच्या पोटातनं आडवी गेलेली सापडली, आणि "राहू दे, वरनं पाणी जाईल की" म्हणून ती तशीच ठेवली गेली. पहिल्याच पावसात त्या पाईपला आधी एक पोतं अडकलं, पोत्याला प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांना निर्माल्य आणि नारळाच्या शेंड्या, दोन दिवसांत तयार बंधारा. लाईन हलवायचा खर्च एस्टिमेटमध्ये आधीच धरा. वडगाव-शहापूरच्या काळ्या मातीत दीड मीटरच्या खाली चर गेला की कडा फळ्यांनी टेकवल्याशिवाय माणूस आत उतरवू नका, काळी माती ओली झाली की सांगून ढासळत नाही.

वेळेचं गणित असं: सर्व्हे पावसाळ्यात, कागद आणि टेंडर दिवाळीपर्यंत, खोदाई डिसेंबरपासनं, आणि नाल्याकडचं तोंड मार्चच्या आत पुरं. एप्रिल-मेमध्ये वळीव येतोच, तेव्हा अर्धवट चर उघडे असतील तर तेच गल्लीचं तळं. मे मध्यानंतर नवीन खोदाई नाही म्हणजे नाही, मंत्री आले तरी नाही.

गाळाबद्दल थोडं. चार फुटी रुंद गटारात तीन फूट पाणी वाहायची जागा असेल आणि तळाला एक फूट गाळ बसला तर लोकांना वाटतं एक तृतीयांश गेलं, प्रत्यक्षात वेगही कमी होतो आणि जवळजवळ चाळीस टक्के ताकद जाते. गाळ मेच्या शेवटाआधी काढायचा, आणि काढून काठावर ढीग घालायचा नाही, मृगाच्या पहिल्या सरीला तो परत आत जातो आणि बिल मात्र पूर्ण निघालेलं असतंय. ट्रॅक्टरच्या खेपा मोजा, गाळ कुठं टाकला त्याचा फोटो घ्या. बंद गटारात, चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही, मशीन लावायचं, माणसाकडनं मैला साफ करून घ्यायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे आणि कायदा नसता तरी आतला गॅस माणूस मारतोच.

शेवटी बिल पास करायच्या आधी माझी टँकरची टेस्ट. वरच्या टोकाला पाच हजार लिटरचा टँकर रिकामा करायचा आणि पाण्याबरोबर चालत जायचं, जिथं थांबेल तिथं उलटा उतार. एका साईटवर पाणी मधेच थांबलं, जरा विचार केल्यासारखं केलं आणि माघारी फिरलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, साहेब उन्हामुळं तसं दिसालंय. तीस फूट गटार तोडून परत करून घेतलं. पावसाळाभर तो माझ्याशी बोलला नाही, दसऱ्याला सोनं द्यायला मात्र आला.