केलॉइड गोठवून घ्यायला जाताय? आधी काय विचारायचं, नंतर काय सांभाळायचं

माझ्या डाव्या खांद्यावर एक पिंपल फुटलं होतं, त्याची खूण राहिली आणि बघता बघता तिची शेंगदाण्याएवढी टणक गाठ, म्हणजे केलॉइड, झाली, खाज तर अशी की रात्री झोपेत ओरबाडायचो. त्या गाठीवर फ्रीझिंगची चार सिटिंग झाली, म्हणून थोडं अनुभवाचं आणि थोडं डॉक्टरला प्रश्न विचारून विचारून कळलेलं असं एकत्र टाकतोय.

आधी तुमचं नक्की काय आहे ते बघा. बाईकच्या सायलेन्सरचा चटका बसला आणि जेवढी जखम होती तेवढ्यातच वण फुगलाय, तर तो नुसता उंच वण, असे वण बरेचदा महिने-वर्ष गेलं की स्वतःहून बसायला लागतात, लगेच धावपळ नको. केलॉइड मात्र जखमेची हद्द सोडून शेजारच्या चांगल्या कातडीत घुसतो, म्हणजे कान टोचल्याचं भोक एवढंसं आणि गाठ बोराएवढी. कानाची पाळी, छातीचा मधला भाग, खांदा, दंडावर बीसीजी टोचलेली जागा, जबड्याची कड, ही त्याची नेहमीची ठिकाणं. आणि काही लागलं-खुपलं नसताना गाठ येऊन वाढत असेल तर घरच्या घरी केलॉइड ठरवू नका, स्किनच्या डॉक्टरला दाखवा, कधी कधी तुकडा काढून तपासावा लागतो.

आता गोठवणं म्हणजे काय, तर लिक्विड नायट्रोजन. तो उणे १९६ अंशाला उकळतो, त्यामुळे कातडीला लागला की तिथल्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या गोठतात, रक्तपुरवठा तुटतो, तेवढा भाग मरतो आणि गाठ हळूहळू चपटी होत जाते. गोम इथेच आहे. कातडीला रंग देणाऱ्या पेशी थंडीला फार नाजूक असतात, आणि गाठ बनवणाऱ्या पेशी चिवट, त्यामुळे गाठ बसेपर्यंत रंग गेलेला असतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तो फिका डाग लांबून दिसतो, काहींचा भरून येतो, काहींचा कायमचा राहतो. मला पहिल्या सिटिंगच्या आधी हे कुणीच सांगितलं नव्हतं, याचा राग अजून आहे. खांद्यावर चालून गेलं, पण छातीवर किंवा गालाजवळ करणार असाल तर हा प्रश्न आधी विचारा, गाठ नको म्हणून डाग चालणार आहे का ते तुम्हीच ठरवायचं. जाड गाठ असेल, विशेषतः कानाची, तर सुई आरपार घालून आतून गोठवायची पद्धत पण असते, त्यात वरच्या कातडीचा रंग कमी बिघडतो, पण ती सगळीकडे मिळत नाही.

थंडीत बोटं पांढरी-निळी पडत असतील, गार पाण्याने अंगावर पित्त उठत असेल, शुगर असेल किंवा जखमा लवकर भरत नसतील तर हे डॉक्टरने विचारायची वाट बघू नका, स्वतः सांगा.

सिटिंगच्या दिवशी सैल शर्ट घाला. स्टीलच्या थर्मासमधून वाफा निघत असतात, डॉक्टर स्प्रे मारतात नाहीतर काडीला गुंडाळलेला कापूस बुडवून दाबून धरतात, साधारण १० ते ३० सेकंद. गाठ ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी आणि कडक होते, मग वितळू द्यायची, मग परत. गोठताना सुई टोचल्यासारखं होतं, खरी आग वितळताना होते, मला घरी पोचेपर्यंत ठणकत होतं. वेदनेची गोळी आधी घेतली तर चालेल का ते विचारून ठेवा.

दुसऱ्या दिवशी फोड येतो, कधी पाण्याचा, कधी काळपट रक्ताचा, बघून घाबरायला होतं पण हे अपेक्षितच असतं. तो फोडायचा नाही. आपोआप फुटला तर साध्या पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, व्हॅसलीन लावून वर हलकं ड्रेसिंग, खपली उचकटायची नाही. सॅकचा पट्टा त्या खांद्यावर नको, मी लोकलच्या गर्दीत विसरलो आणि सगळं सोलवटून घेतलं. जखम भरायला दोन-तीन आठवडे धरा, म्हणून लग्नकार्य तोंडावर असेल तर आत्ता नको. पू, वाढती लाली किंवा ताप आला तर मात्र लगेच दाखवा.

एका सिटिंगमध्ये काही होत नाही, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बरीच करावी लागतात, तेव्हा एका सिटिंगचा नाही तर अंदाजे सगळा खर्च विचारा. गाठ लहान आणि नवी असेल तर बरा फरक पडतो, जुनी दगडासारखी असेल तर नुसत्या थंडीने हलत नाही. मग बरेच डॉक्टर थोडं गोठवून मग गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, गोठवल्यावर गाठ सुजून मऊ पडते आणि एरवी आत जायला तयार नसलेलं औषध सहज शिरतं. माझा खरा फरक तिसऱ्या सिटिंगपासून, म्हणजे इंजेक्शन जोडल्यावर दिसला, खाज तर आठवड्यात गेली. नुसती कापून टाकूया असं कुणी म्हणालं तर नंतर काय देणार ते विचारा, कारण नुसतं कापलं तर केलॉइड परत येतो, आणि बरेचदा आधीपेक्षा मोठा.

मेडिकलमध्ये मस घालवायचे गोठवणारे स्प्रे मिळतात, ते केलॉइडवर मारू नका, ते तेवढं थंडच होत नाहीत, वरची कातडी भाजते आणि त्या नव्या जखमेवर अजून एक केलॉइड. चुना, लिंबू, ॲसिड याचंही तेच.

जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी, रोज १२ तासांच्या वर, काही महिने. घामाने सुटते, पण धुवून वाळवली की परत चिकटते. आणि दर महिन्याला एक रुपयाचं नाणं शेजारी धरून, त्याच खिडकीच्या उजेडात फोटो काढा, रोज आरशात बघून काही कळत नाही, माझी गाठ बसतेय हे मला तिसऱ्या फोटोत दिसलं.